उकंडराव मिस्त्रींचा निर्दोष डोळा

माझ्या सासऱ्यांचं नाव उकंडराव. त्यांच्या आधीची दोन लेकरं वर्षाच्या आत गेली, म्हणून तिसरं जन्मताच त्याला उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीनं उचलून "सापडलं गं बाई" म्हणत घरात आणलं आणि नाव ठेवलं उकंडराव. टाकून दिलेल्या वस्तूकडे यम बघत नाही, असा त्यामागचा समज. यमाच्या डोळ्यात अशी धूळ टाकून जगलेला हा माणूस पुढे साठ वर्षांनी, डोळ्यात चूक म्हणून असूच शकत नाही, असं भर सभेत सांगणार होता. मी त्यांना मामा म्हणते. बाकी सगळे मिस्त्री म्हणतात.

शिरड शहापूरला रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड आहे, तिथे मामा आणि माझे यजमान शिवशंकर हळद शिजवायचे कुकर बनवतात. ज्यांनी असा कुकर पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. चाकांच्या गाड्यावर पाण्याची टाकी, टाकीखाली भट्टी आणि बाजूला चार मोठे ड्रम. ड्रममध्ये ओली हळद भरायची आणि टाकीतली वाफ नळ्यांनी तिच्यात सोडायची. गाडा ट्रॅक्टरला जोडून या शेतातून त्या शेतात फिरवायचा. आपल्या भागात पहिला कुकर आपणच केला, असं मामा सांगतात. कोणी हरकत घेत नाही, कारण हरकत घेणाऱ्याला ते सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगतात.

त्या गोष्टीत एक भाग ते नेहमी गाळायचे. पहिल्या कुकरचे ड्रम नवे नव्हते, भंगारातून आणले होते, आणि त्यांतल्या एकाला पोटावर भोक होतं. मामांनी त्यावर बांगडीएवढी गोल पट्टी मारून ते बुजवलं. कुकर चालला. मग जवळा बाजारचे, हिंगोलीचे कारागीर दोरी आणि खडू घेऊन माप न्यायला आले. त्यांनी सगळ्याचं माप नेलं, पट्टीचंही नेलं. आता कोऱ्या पत्र्याचा ड्रम असला तरी त्याच्या पोटावर ती गोल पट्टी असतेच. लोक तिला टिकली म्हणतात, हंगामाच्या पहिल्या दिवशी तिला हळदकुंकू लावतात. एकदा शिवशंकरनं टिकलीशिवाय कुकर केला, तर गिऱ्हाईक परत घेऊन आलं. "हा डुप्लिकेट हाय," म्हणालं. टिकलीमुळे वाफ ड्रममध्ये गोल फिरते, असंही आता कळतं. शेतकी शिकणारा एक मुलगा फोटो काढून गेला आणि त्यानं आपल्या वहीत तिचं नाव 'उष्णता संतुलन चकती' असं लिहिलं. मामांनी ते नाव पाठ केलं.

मामा सातवी शिकलेले. टेप त्यांनी कधी वापरला नाही. एक डोळा मिटायचा, पत्र्याकडे बघायचं आणि म्हणायचं, "दोन सूत कमी हाय." मोजलं की दोन सूतच, म्हणजे पाव इंचच, कमी भरायचं. त्यामुळे आपल्या डोळ्याबद्दल त्यांना जो अभिमान होता, तो मी समजू शकते.

दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्यात दुधासारखं दिसायला लागलं. आम्हाला दिसलं, त्यांना नाही. ते वेल्डिंगच्या जोडावर हातोडी वाजवून, बोट फिरवून काम तपासायला लागले. "लोखंड कानानं बघायचं असतं," असं त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं की शिवशंकरही काही दिवस कान लावून बसला. मग विजेच्या डीपीच्या खांबाला कोणी पोतं अडकवलं होतं, त्याला मामांनी राम राम घातला आणि उत्तर आलं नाही म्हणून दिवसभर धुसफुसत राहिले. "माणसं लई मगरूर झाली."

पोत्यावर मी हसले असते, पण माझी मुलगी पुनम दहावीला आहे आणि तिला शाळेत मामाच मोटारसायकलवर सोडतात. एकदा मी तिला विचारलं, "आबा गाडी नीट चालवतात ना?" ती म्हणाली, "हो, मी मागून सांगते ना. 'आबा, म्हैस' म्हटलं की ते ब्रेक दाबतात." हे ती इतक्या सहज बोलली की माझ्या हातातली परात खाली पडली. तेव्हापासून मी गावातल्या म्हशींच्या येण्याजाण्याच्या वेळा पाठ केल्या आहेत.

आणि मागच्या हंगामात जवळा बाजारच्या शिवारात आमच्या एका कुकरचा जोड सुटला. वाफेचा झोत बाहेर आला. भट्टीत सरपण घालणाऱ्या नीलाबाई त्याच घटकेला पाणी प्यायला उठल्या होत्या, म्हणून काही झालं नाही. मामा म्हणाले, "त्या मालकाच्या हिरीचं पाणी खारं हाय, जोड गंजला." बापाच्या जोडावर मुलानं बोट ठेवायचं नाही, ही आमच्या शेडची शिस्त. शेवटचा जोड मामांचा, शेवटचा शब्दही मामांचा.

गावात डोळ्यांचं मोफत शिबिर आलं. मामा आंघोळ करून, पांढरी टोपी घालून गेले आणि तासाभरात चिठ्ठी घेऊन आले. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'दृष्टी उत्तम.' ती त्यांनी शेडच्या भिंतीवर चिकटवली. मी वाचायला गेले तर नाव उकंडराव आणि वय अडतीस.

"मामा, इथं वय अडतीस लिहिलंय."

"डॉक्टरला तेवढंच वाटलं असंल."

अडतीस वर्षांचा माणूस आमच्या शेडसमोर पंक्चर काढतो, त्याचं नाव थावरा. त्याला चिठ्ठीबद्दल विचारलं तेव्हा तो टायर पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसला. मान वर केली नाही.

भीती वाटते असं मामा कधीच म्हणाले नाहीत. त्यांनी तत्त्व पुढे केलं. ते तत्त्व त्यांना फोनवर मिळालं. 'सत्संग व हळद भाव' नावाचा त्यांचा एक ग्रुप आहे. सकाळी देव येतो, दुपारी भाव येतो, भाव पडला की पुन्हा देव येतो. त्यात एक व्हिडिओ आला की माणसाचा डोळा म्हणजे पाचशे शहात्तर मेगापिक्सेलचा कॅमेरा, असा कॅमेरा कोणत्याही कंपनीला जमलेला नाही, मग तो कोणी बनवला असेल बरं? मामांना आजवर अध्यात्मात रस नव्हता. पण हा प्रश्न कारागिरीचा होता. त्यांनी तो व्हिडिओ दिवसातून चार वेळा, कानाला लावून, ऐकला.

"कुकर आपोआप व्हतो का? मंग डोळा कसा व्हईल?" इथवर व्हिडिओचं. पुढची पायरी त्यांची स्वतःची. "अन् ज्यानं एवढा बिनचूक बनवला, त्याच्या कामाला दुसऱ्यानं चाकू लावायचा? माझ्या कुकरला कोणी छिन्नी लावली तर मला चालंल का?"

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई चतुराबाई, भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "मंग रोज दाढी काहून करता? ती बी त्यानंच उगवली."

"तू मधी बोलू नको."

"मी कुठं बोलून राहिले. मी भाकर करून राहिले."

मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. त्याचा घरात आजवर उपयोग झाला तो एवढाच की साप निघाला तर विषारी की बिनविषारी हे मला विचारतात. मी सांगेपर्यंत तो मारून झालेला असतो. डोळ्याच्या वादातही माझं तसंच झालं. मी पुस्तकातलं बोलायला लागले की मामा म्हणायचे, "सुनबाई, तू कधी काही बनवलंय का?" आणि मला पोळ्यांखेरीज काही आठवायचं नाही. शिवाय दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या पुस्तकात पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा. बोर्डाच्या पेपरात पुनम 'डोळा कोणा मिस्त्रीने केला' असं लिहून येते की काय, ही चिंता म्हशींच्या चिंतेत मिसळली.

जानेवारीत शिवशंकरनं वेल्डिंगचे रॉड आणायला म्हणून मामांना हिंगोलीला नेलं आणि डॉक्टरांच्या खुर्चीत बसवलं. डॉक्टर म्हणाल्या, उजवा मोतीबिंदू पूर्ण पिकलाय, आणखी थांबलात तर डोळ्यात दाब वाढेल, मग ऑपरेशन करूनही दिसणार नाही. डावाही सुरू झालाय. पुढच्या मंगळवारची तारीख दिली. मामा घरी येऊन म्हणाले, "मी जाणार न्हाई." हा विषय संपला, असं त्यांच्या आवाजावरून कळलं. हळद काढणी तीन आठवड्यांवर आली होती.

त्याच आठवड्यात, शनिवारी, पुनमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. मुख्याध्यापकांना उद्घाटनाला कोणी मिळत नव्हतं, म्हणून त्यांनी 'स्थानिक संशोधक' शोधला. तो आमच्या घरात निघाला. मामांनी कात्री घेतली आणि फितीच्या वीतभर वर हवेत चालवली. टाळ्या झाल्या. फीत तशीच. पुन्हा चालवली, पुन्हा टाळ्या. तिसऱ्या वेळी मुख्याध्यापकांनी फीतच उचलून कात्रीत दिली.

मग भाषण. मामांनी आपला एक कुकर शाळेच्या मैदानात आणून उभा केला होता.

"पोरंहो, हा कुकर मी केला. व्हय का न्हाई?"

"व्हय!"

"आपोआप झाला का?"

"न्हाई!"

"वारं सुटलं, पत्रे उडाले, एकमेकाला चिकटले अन् कुकर झाला, असं कोणी सांगितलं तर?"

पोरं खिदळली.

"मंग डोळा तर कुकरपेक्षा बारीक काम हाय. पाचशे शहात्तर मेगापिक्सेल! एक सूत इकडं न्हाई, एक सूत तिकडं न्हाई. त्यात चूक दाखवा, मी वेल्डिंग सोडून देतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जास्त वेळ मुख्याध्यापक वाजवत होते. ते इतिहास शिकवतात.

विज्ञान शिकवणारे धम्मानंद सर शेवटच्या खुर्चीवर होते. शांत माणूस. पंधरा वर्षं ते दहावीला उत्क्रांती शिकवतात आणि दरवर्षी कोणी ना कोणी पालक येऊन सांगतो, "तुमचे पूर्वज माकड असतील सर, आमचे पाटील होते." सर विचारतात, "पाटलांच्या आधी?" पालक म्हणतो, "पाटीलच." असल्या अनुभवातून आलेला धीर त्यांच्याकडे आहे. ते उठले.

"मिस्त्री काका, एक विचारू?"

"विचारा की सर."

"हा चार ड्रमचा कुकर पहिल्याच दिवशी असाच बनवला?"

मामांना हाच प्रश्न जन्मभर हवा होता. "न्हाई वो! आमच्या बापाच्या टायमाला नुसती कढई. उघडी. सगळी वाफ वर जायची. मंग कोणी तरी वरून पोतं झाकलं, लवकर शिजलं. मंग झाकण आलं. मंग मी म्हणलं, हळद पाण्यात काहून बुडवायची, नुसत्या वाफेवर शिजंल की. एक ड्रम केला. मंग दोन. मंग चाकं लावली. दर हंगामाला थोडं थोडं."

"आणि मधेच एखादा बिघडला तर?"

"फुटला तर फुटला. त्याचं माप घ्यायला कोणी येत न्हाई. जो टिकला त्याचंच माप लोक नेतात."

सर मुलांकडे वळले. "हे वाक्य वहीत लिहून घ्या. धड्यात इतकं सोपं दिलेलं नाही."

दोनशे पोरांनी वह्या उघडल्या. मामांना वाटलं आपण जिंकलो. मग त्यांना शंका आली. "पण सर, दर टायमाला डोकं माझंच व्हतं ना? आपोआप तर न्हाई झालं."

"हे बरोबर बोललात," सर म्हणाले. "कुकरला तुमचं डोकं होतं. डोळ्याच्या बाबतीत तेच काम फुटण्यानं आणि टिकण्यानं केलं. आधी नुसता उजेड-अंधार कळणारा एक ठिपका. तिथं खळगा पडला, तर उजेड कुठल्या बाजूनं येतो ते कळायला लागलं. खळग्याचं तोंड बारीक झालं, तर अंधूक चित्र दिसलं. मग भिंग. प्रत्येक पायरीला ज्याला जरा जास्त दिसलं, तो जरा जास्त जगला, त्याची पिल्लं जास्त झाली. कोट्यवधी वर्षं लागली."

"माझा तर वीस वर्सांत झाला," मामा म्हणाले, आणि हशा त्यांच्या बाजूनं गेला.

"हो. पण मला सांगा, ही टिकली डोकं लावून केली?"

मामांनी कुकरकडे पाहिलं, म्हणजे कुकर जिकडे असावा तिकडे. खोटं बोलायला त्यांची हरकत नव्हती, पण पोरांच्या मागे कुकरचं माप नेलेले कारागीर आणि गिऱ्हाइकं येऊन बसली होती.

"ती... पहिल्या ड्रमला भोक व्हतं."

मागून जवळा बाजारचा एक शेतकरी उभा राहिला. "म्हंजे टिकलीनं वाफ गोल फिरत न्हाई?"

"न्हाई."

"मंग माझ्या कुकरला काहून लावली?"

"तुमीच मागितली."

"मी दर साली पूजा करून राहिलो तिची!"

"करा की. मी कुठं न्हाई म्हणलं."

सभा तिथंच मोडली. मामा व्यासपीठावरून उतरताना पायरी चुकले. थावरानं धरलं.

पुनमचा प्रकल्प डोळ्यावर होता. तिनं एका पांढऱ्या कागदावर उजवीकडे फुली आणि चार बोटं सोडून डावीकडे काळा ठिपका काढला होता.

"आबा, उजवा डोळा झाका." झाकला काय नि न झाकला काय, पण त्यांनी झाकला. "आता डाव्यानं फुलीकडंच बघा. ठिपका बाजूला दिसतो?"

"दिसतो."

"कागद हळूहळू जवळ आणा. नजर फुलीवरून हलवू नका."

"हं. हं. आता बी हाय. आता बी... गेला! अगं, कुठं गेला?"

त्यांनी कागद उलटा करून मागे पाहिलं. पुन्हा केलं. पुन्हा गेला. शाई खराब असेल म्हणून दुसऱ्या पेननं ठिपका काढायला लावला. तोही गेला. मग त्यांनी थावराला पुढं ओढलं. थावराचाही ठिपका गेला.

"याचा बी जातो? याला तर डॉक्टरनं उत्तम लिहून दिलं व्हतं!"

शिबिराची चिठ्ठी अशी, त्यांच्याच तोंडून, चारचौघांत उघडी पडली. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. मामांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"काहून जातो गं पुनम?"

"आबा, डोळ्याच्या आतल्या पडद्यावर चित्र उमटतं. त्या पडद्याच्या तारा मागच्या बाजूनं न्यायला हव्या होत्या, त्या पुढच्या बाजूनं आल्यात. मग त्या सगळ्या गोळा करून बाहेर काढायला पडद्याला एक भोक आहे. तिथं काहीच दिसत नाही. मेंदू आजूबाजूचा रंग बघून तिथं अंदाजानं भरून टाकतो."

"म्हंजे ठिगळ मारतो?"

"ठिगळच."

"अन् तारा पुढून? चित्राच्या पुढून?"

"हो."

मामांनी कागद खाली ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी पुष्कळ वाईट काम पाहिलं असेल, पण इतके दुखावलेले मी त्यांना पाहिले नव्हते. "असं कोण करतं?"

धम्मानंद सर मागेच उभे होते. "ऑक्टोपसच्या तारा मागून आहेत. त्याच्या डोळ्यात हे भोक नाही."

"ते काय असतं?"

"समुद्रातला प्राणी. आठ हातांचा."

"त्याचं काम आपल्यापेक्षा चांगलं केलं?"

"तारांच्या बाबतीत तरी, हो. त्याचा डोळा वेगळ्या वाटेनं तयार झाला. आपला ज्या वाटेनं आला, त्या वाटेवर तारा आधीच पुढे होत्या. मग मोडून नव्यानं करता येत नाही. आहे त्यावरच पुढचं चढतं."

घरी येताना मामा मोटारसायकल ढकलत चालत आले. पुनमला मागे बसायला सांगितलं नाही. रविवारभर ते शेडमध्ये एका जुन्या ड्रमसमोर स्टूल टाकून बसले होते. मी दोन वेळा चहा ठेवून आले. दोन्ही वेळा पेला शोधताना त्यांचा हात पेल्याच्या अलीकडे पडला. मी तो सरकवला नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत राहिलं.

सोमवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. "सुनबाई, उद्याची तारीख हाय ना?"

"हो मामा."

"जायचं म्हणतो."

मी विचारायच्या आधीच ते सांगायला लागले. "कोरा पत्रा घेणारा माणूस भोक ठेवत न्हाई. भंगारातला ड्रम घेतला की भोक येतंच. त्यानं बी जुन्याच मालावर काम केलंय, माझ्यासारखं. इंजिनिअर न्हाई तो, मिस्त्री हाय. अन् एका मिस्त्रीच्या कामाला दुसऱ्या मिस्त्रीनं हात लावला तर त्यात राग कसला? आमी रोजच करून राहिलो."

म्हणजे देव गेला नाही, फक्त त्याचा हुद्दा उतरला. धम्मानंद सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "काका, मी शिकवलं काय आणि तुम्ही काढलं काय! मिस्त्री लागतच नाही, असं मी सांगत होतो."

"सर, तुमचं तुमी पेपरात लिहा. मला उद्याला हिंगोलीला जायचं हाय."

आत्याबाई मात्र रागावल्या. "दोन वर्सं मी घसा फोडून राहिले. पोरगं सांगून राहिलं, सून सांगून राहिली, डॉक्टरीण सांगून राहिली. अन् यांनी ऐकलं कोणाचं, तर आठ हातांच्या त्या प्राण्याचं."

दवाखान्यात मामांनी डॉक्टरांची उलटतपासणी घेतली. भिंग कोणत्या मालाचं, गंज धरतं का, किती वर्षं चालतं. मग म्हणाले, "जुनं भिंग माझ्या हातात द्या." गॅरेजमध्ये बदललेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा असतो. न देणारा मिस्त्री चोर समजला जातो. डॉक्टर म्हणाल्या, ते आतच बारीक करून ओढून घेतो, हातात देण्यासारखं काही उरत नाही. मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ होता की ही बाई पार्ट न बदलताच बदलला म्हणेल.

मग डोळ्यात थेंब घातले, हिरवा झगा घातला आणि आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. मी उठले तर त्यांनी माझं मनगट धरलं. वीस वर्षांत सासऱ्यांनी माझ्या हाताला हात लावलेला मला आठवत नाही. त्यांचा तळवा भट्टीसमोर राबून कडक झालेला.

"पोरी, फुटणार तर न्हाई ना?"

तेव्हा मला कळलं की पाचशे शहात्तर मेगापिक्सेल, कारागिराचा मान, चाकू, छिन्नी, हे सगळं या एका प्रश्नावर मारलेलं ठिगळ होतं. मी म्हटलं, "न्हाई मामा," आणि मग पंचवीस मिनिटं बाकावर बसून, आपण खोटं तर बोललो नाही ना, याचा विचार करत राहिले.

डोळा फुटला नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, ती त्यांनी खालच्या ओळीपर्यंत वाचली आणि वर सांगितलं की तक्ता उजवीकडे दोन सूत खाली आहे. शिवशंकरनं जाऊन पाहिलं. होता.

घरी आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "मी दिसले का?"

"दिसली. म्हातारी झाली."

"दोन वर्सांत न्हाई झाले. तुमी बघितलं न्हाई."

मग ते शेडमध्ये गेले. तिथं दोन कुकर तयार उभे होते, गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होतं. मामांनी त्यातल्या एकाजवळ जाऊन जोडावर नजर टाकली. वरपासून खालपर्यंत. मग दुसऱ्या बाजूनं. जोड कुठे जाड, कुठे पातळ, मधेच भोकं, रांगोळीच्या रेषेसारखा वाकडा. मला इतकं कळत नाही, पण मलाही ते दिसत होतं. सगळ्यांनाच दिसत होतं. दोन वर्षं शेडमध्ये ते न दिसणारा एकच माणूस होता, आणि शेवटचा शब्द त्याचा होता.

त्यांनी फोन घेतला. दोन वर्षांत गेलेल्या प्रत्येक कुकरच्या मालकाला स्वतः फोन लावला. "कुकर घेऊन या. हळद काढायच्या आधी." काहींना सांगितलं की फुकट सर्व्हिसिंग आहे. काही कुरकुरले, चांगला तर चालून राहिला. पण नीलाबाई ज्याच्या शेतात कामाला होत्या, त्या टिकलीवरून आधीच चिडलेल्या मालकापुढे त्यांनी सर्व्हिसिंगचं नाव घेतलं नाही. म्हणाले, "मला दिसत नव्हतं. जोड माझाच सुटला. पाणी खारं नव्हतं तुमचं."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. मामांनी फोन कानापासून लांब धरला होता, म्हणजे मोठ्यानं आलं असणार. पूर्ण ऐकून घेऊन त्यांनी फोन ठेवला.

आठवडाभर शेडसमोर ट्रॅक्टरांची रांग होती. मामांना सहा आठवडे वेल्डिंग बंद. ते काळा चष्मा लावून खुर्चीवर बसत, कुकर समोर आला की उठून फिरून बघत आणि सुटू शकेल अशा प्रत्येक जागेवर खडूनं गोल काढत. शिवशंकर तो जोड कापून नवा मारत असे. कुकरवर खडूचे गोल इतके असत की पोरं मोजायला थांबायची. मी घरातून बघत राहायचे, ठिणगी उडून डोळ्यात तर जात नाही ना म्हणून.

शुक्रवारी जवळा बाजारचा तो कुकर आला. मालक खाली उतरला नाही, ट्रॅक्टरवरच बसून राहिला. मामांनी सुटलेल्या जोडापासून सुरुवात केली. तो मागच्या वर्षीच घाईत, शेतात जाऊन पुन्हा मारला होता. ते वाकले. चष्मा कपाळावर सरकवला. सवयीनं बोट पुढं केलं, मग बोट मागे घेतलं आणि नुसतं पाहिलं. खडू वर गेला आणि तसाच थांबला.

"हा कोणी मारला?"

शिवशंकर म्हणाला, "मी. तुमी त्या दिवशी आले नव्हते."

मामांनी तो जोड पुन्हा एकदा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बघितला. मग एकही गोल न काढता खडू शिवशंकरच्या हातात दिला आणि म्हणाले, "पुढचे तू बघ. मी बसतो."